थोरल्या मामाचा घास

वालूर, ८ मार्च १९८२

भगवानभाऊ,

जयभीम. नाग्याला पत्र लिहायची बुद्धी कधीपासून झाली म्हणशील. पोस्टात आंतरदेशी मागितलं तर मास्तर म्हणला, कुणाला? मी म्हणलं, भावाला. बरं म्हणला, आणि लगेच शिक्के मारायला लागला, वर बघितलंच नाही.

तुझा शेवटचा पत्ता म्हणजे औरंगाबादची दगडाबाईची खानावळ. नामांतराच्या सत्याग्रहाला निघायच्या आधी तिथून तू मायला कार्ड टाकलं होतंस. त्याला आता तिसरं वरीस लागलं. जेलात गेलेले सुटून आले, तू आला नाहीस. कुणी म्हणतं जालन्याच्या स्टेशनात दिसला, कुणी म्हणतं मुंबईला गोदीत लागला. माय म्हणते, "येईल. काम झालं की येईल." तिच्यापुढं दुसरं बोलायची कुणाची छाती नाही. म्हणून मी त्याच पत्त्यावर लिहायलोय.

मी पण घरी कुठं होतो म्हणा. आधी ट्रकवर क्लिनर, मग टुरिंग टॉकीजच्या तंबूवर. तंबूचं काम झकास असतं भाऊ. आमचा मशीनवाला आबासाहेब एका डोळ्यानं अधू, पण रीळ तुटलं की अंधारात नुसत्या बोटानं जोडायचा, आणि तोवर पब्लिक शिट्ट्या मारायची, त्यालाबी तो उलट शिट्टी मारायचा. ते राहू दे. मुद्दा असा की सरजाआक्काला पोरगा झाला. नाव मिलिंद. बाळंतपणाला वालूरला आली ती इथंच आहे, कारण मधी तिला हिवतापानं धरलं आणि दूध आटलं. पोरगं शेळीच्या दुधावर आहे.

सहा महिन्याचं झालं तेव्हा उष्टावण करायचं ठरलं. पहिला घास मामानं द्यायचा. तू म्हणायचास, देव नदीत सोडले तसं रीतीबी सोडा. पण माय म्हणली, ही रीत देवाची न्हाई, मामाची हाय. मला निरोप धाडला, पण मी तंबूबरोबर जत्रेत, निरोप पोचलाच नाही. आणि मामा हजर नसला तर काय करतेत, हे तुला ठाऊक नसंल, मलाही नव्हतं. मामाचं कापड पाटावर ठेवतेत. पोराच्या आईनं त्याच्या बाहीत हात घालायचा आणि त्या हातानं घास द्यायचा.

माझा जुना शर्ट खुंटीलाच होता. शेजारची कडूबाई मायला म्हणली, "चांगुणे, नाग्याचं ठेव. ज्याचं जितंपण ठाऊक हाय त्याचंच कापड ठेवावं."

माय तिच्या अंगावरच गेली म्हणे. "थोरला मामा असताना धाकट्याचं कामून ठेवू? माझा थोरला काय मेलाय?"

आणि तिनं पेटीतून तुझा पांढरा सदरा काढला. सभेला घालायचास तो. आक्कानं बाहीत हात घातला, मऊ भाताचा घास पोराच्या तोंडाला लावला. पोरानं जीभ बाहेर काढली, चाटला, गिळला. सगळ्या बाया हसल्या.

तेव्हापासून पोरगं दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. वाटीनं दूध पितं कुणाच्याही हातून. पण भात, भाकरी, कण्या, काही दाताखाली यायची गोष्ट पुढं केली की तोंडाला कुलूप. आक्का रडकुंडीला येते, माय मातर शांत.

आता मी डोळ्यानं बघितलेलं लिहितो. परवा भर दुपारी गिरणीतनं घरी आलो. ओसरीत पोरगं पोत्यावर बसलेलं, भोवती कुणी नाही, आणि त्याची हनुवटी हलत होती. चावत होतं. मी बोट घालून बघितलं. भाकरीचा वरचा पापुद्रा, दुधात भिजवून इतका मऊ केलेला की बोटावर नुसता लगदा. भाऊ, त्या दिवशी घरात भाकरी झाली नव्हती. पीठ गिरणीत होतं, मीच आणायला गेलो होतो.

आक्का आत तांदूळ निवडत होती. मी म्हणलं, "आक्का, पोराला कोण देतंय?"

ती मान वर न करता म्हणली, "दुपारी खातो तो."

"ते कळलं. देतं कोण?"

"मी देत न्हाई," ती म्हणली, आणि खडा उचलून दारातनं फेकला.

पत्र मिळालं की कळव. जिथं आहेस तिथून नुसतं एक कार्ड टाक, म्हणजे मी हे जे मनात आणायलोय ते आणणार नाही.

तुझा नागनाथ


वालूर, २९ मार्च

भाऊ,

तुझं उत्तर नाही. बरं.

मी आता दुपारी कुठं जात नाही. सगळे रानात किंवा आडवे झालेले असतात, गल्लीत कुत्रंबी नसतं. ओसरीच्या खांबाला टेकून झोपल्यासारखं करतो आणि पापणीच्या फटीतून बघत राहतो. पोरगं एकटं खेळत असतं. मग एकदम थांबतं. वर बघतं. किती वर सांगू? उकिडवं बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. मग आ करतं. त्याच्यापुढं काही नसतं, हे मी छाती ठोकून सांगतो. तोंड मिटलं की गाल फुगलेला असतो. चावून झालं की पुन्हा आ. पोट भरलं की मान फिरवतं, आणि तेव्हा त्याच्या ओठाखाली, भाऊ, अंगठ्यानं दाबल्यासारखा खळगा पडतो. तोंड पुसल्यावर पडतो तसा.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उठून देवगाव फाट्यापर्यंत गेलो. निम्मा चालत, निम्मा एका ट्रॅक्टरवर. फाट्यावर भजी खाल्ली. जालन्याकडं जाणारा एक ट्रक उभा होता, ड्रायव्हर ओळखीचा, म्हणला चढ. एक पाय फळीवर ठेवलाबी. मग परत आलो. का आलो ते विचारू नको.

तू आपल्याला शिकवलंस, भूत नसतं, मेलेला माणूस मातीत जातो, संपलं. बैठकीत उभं राहून बोलायचास, म्हातारे चुळबुळ करायचे. आता मी कुणाला विचारू? ज्याला विचारायचं तोच तू.

उपकेंद्राच्या नर्सबाई आल्या होत्या, नर्मदाबाई. पोराला झोळीत घालून काटा लावला, हिरड्या दाबून बघितल्या, खूश झाल्या. म्हणल्या, "बाकीच्या घरी वर्षाचं होईपर्यंत नुसतं पातळ पाजतेत. मग पोरं चावायचं शिकतच न्हाईत, गाठ लागली की ओकतेत. याला कुणीतरी बरोबर वळण लावलंय. आधी कुस्करलेलं, मग गाठीचं, आता हातात धरायचं, आं?"

हातात धरायचं म्हणल्या, कारण पोराच्या मुठीत तेव्हा उकडलेल्या गाजराची फोड होती. बोटाएवढी लांब, मुठीतून वर निघंल अशी, साल काढलेली. गाजराचा हंगाम कधीच सरला.

"कोण भरवतं याला?" बाईंनी विचारलं.

माय म्हणली, "मामा."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "शाबास रे! गड्यामाणसाला हे जमत न्हाई. नुसतं एक ध्यानात ठेव. शेंगदाणा, फुटाणा, अख्खा हरभरा द्यायचा न्हाई. श्वासात अडकलं तर पोरगं हातचं जातं."

मी ती शाबासकी घेतली. काय करू? तुझी होती म्हणून सांगू का?

बाई गेल्यावर मी मायला धरलं. "माय, तू बघितलंस ना? मग त्याचा अर्थ काय होतो?"

"अर्थ काय व्हायचाय? मन येतं त्याचं. भाच्यात जीव हाय. जित्या माणसाचं मन कुठंबी जातं."

"आणि गाजर? मनाला गाजर धरता येतंय?"

"जा, शेळी सोड," माय म्हणली.

दुपारी ती आतल्या अंगाला भिंतीला पाठ लावून बसते. ओसरीकडं बघत नाही. पण मी ऐकलंय, हळूहळू बोलत असते. "घाई करू नको रे. लहान तुकडा कर." दोन वर्षांत मी तिला इतकं खुशाल बघितलं नव्हतं. म्हणून लिहायलोय की गुंता आहे.

मधी आक्का सासरी पूर्णेला जाऊन आली. रंगनाथदाजी रेल्वेच्या गँगमधी आहेत, रजा मिळवून न्यायला आले, मोठ्या हौसेनं पोराला झबलं आणलं होतं. आक्कानं मायला न सांगता तुझा सदरा पिशवीत घालून नेला. पण तिथं तू आला नाहीस. पोरगं दुपार झाली की आ करायचं, वाट बघायचं, आणि रडायचं. सगळ्यांनी भरवून बघितलं, दाजीच्या आईनं नाक दाबूनबी बघितलं. सगळं थुंकलं. मग दूधबी नको म्हणायला लागलं. परत आलं तेव्हा दंडाची कातडी लोंबत होती. इथं आलं त्या दुपारी अधाशावाणी चावत बसलं.

दाजी मला बाजूला घेऊन म्हणले, "नागनाथ, पोरगं माझं हाय का तुमच्या घराचं?"

मग तेच पुढं म्हणले,

"मे महिन्यात येतो. तोवर माणसाच्या हातचं खायला लागलं तर दोघांना नेतो. न्हाईतर राहू द्या तिला इकडंच कायमची. माझी माय दुसरी बघायलीच हाय."

आक्का दाराआड होती. तिनं ऐकलं.

नागनाथ


वालूर, १६ एप्रिल

भाऊ,

आता मी रागानं लिहायलोय.

परवा जयंती होती. यंदा बँड परभणीचा आणला होता, क्लॅरिनेटवाला असा की काय सांगू, गाल फुगवून निळा व्हायचा. सगळा वाडा मिरवणुकीत. माय पण गेली, नवं पांढरं लुगडं नेसून. आक्काला मी म्हणलं, तू जा, मी पोराला बघतो. मला वाटलं, घर रिकामं आहे, आज तुझ्याशी सरळ बोलावं.

लांब लेझीम वाजत होतं. पोरगं ओसरीत. मी समोर बसलो आणि म्हणलं, "भगवानभाऊ, असशील तर बाजूला हो. आज मी भरवतो." हातात कालवलेला भात होता. पोरानं माझ्या हाताकडं बघितलंबी नाही. माझ्या खांद्याच्या वर बघितलं. म्हणजे तू माझ्या मागं होतास. माझ्या मानेवर उन्हाळ्याच्या दुपारी गार वारा लागला. मी वळलो नाही. खरं सांगतो, वळायची हिंमत झाली नाही.

पोरानं आ केलं, मिटलं. आणि मग त्याचा आवाजच बंद झाला. रडणं नाही, खोकणं नाही. डोळे मोठे, ओठ निळे. मी त्याला पालथं मांडीवर घातलं, डोकं खाली, पाठीत थापट्या मारल्या. तंबूत एकदा आबासाहेबानं एका पोराला असंच केलं होतं म्हणून सुचलं. मिरवणुकीत ढोल इतका वाजायला लागला की मी ओरडलो ते मलाच ऐकू आलं नाही. मग त्याच्या तोंडातून टण्णकन काहीतरी फरशीवर पडलं आणि त्यानं हंबरडा फोडला.

फुटाणा होता. भाजलेला, खारा, अख्खा.

इतके दिवस पापुद्रे भिजवून, साली काढून दिलंस. आता फुटाणा? दात न आलेल्या पोराला? तुझी अक्कल कुठं गेली? का मेल्यावर अक्कल राहतच नाही?

हे बघ, लिहिलं. मेल्यावर. आजपर्यंत या घरात हा शब्द कुणी काढला नव्हता.

फुटाणा घेऊन मी कडूबाईकडं गेलो. ती चुलीपुढं होती. हातावर घेऊन बघितला, वास घेतला, आणि म्हणली, "मी त्या दिवशी सांगितलं होतं चांगुणेला. मला म्हणली, तोंड काळं कर."

"आता काय करायचं, कडूबाई?"

"ज्यानं उष्टावलं त्याला आधी जेवू घालायचं. पोटभर. ताट वाढून, तू जेव रे बाबा म्हणून. तो जेवून उठला की मग जित्या मामानं पोराला घास द्यायचा. उपाशी हाय तवर तो उठत न्हाई बघ."

"पण तो तर दुसऱ्याला भरवतोय. उपाशी कसा?"

"उपाशी माणसालाच दुसऱ्याचं तोंड दिसतं लेका," ती म्हणली.

मी घरी येऊन मायला सगळं सांगितलं. फुटाणा दाखवला. तिचं तोंड पांढरं पडलं, पोराला तिनं असं आवळलं की ते रडायला लागलं. मला वाटलं, आता मानंल.

"ताट वाढू का, माय?"

ती म्हणली, "ताट मेलेल्याला वाढतेत."

"पोरगं मरता मरता वाचलंय."

"मग आजपासून दुपारी मी मांडीवर घेऊन बसते. दिसलं तोंडात काही की काढते. पण या घरात माझ्या लेकराच्या नावानं ताट वाढलं, तर नाग्या, त्याच्या शेजारी माझंबी वाढ."

आक्का तिथंच होती. पहिल्यांदाच तिनं तोंड उघडलं. "माय, तुला तुझं लेकरू पाहिजे. मला माझं नको का?"

मायनं उठून सदरा धुवायला घेतला. दोघी मांडीला मांडी लावून बसणाऱ्या मायलेकी, त्या दिवसापासून एकमेकींशी बोलत नाहीत. आणि पोरगं मायच्या मांडीवरून पण वर बघतं आणि आ करतं. ती तोंडावर हात ठेवते त्याच्या. ते हात चावतं.

तुझ्या पाया पडतो. जिवंत असशील तर ये. आणि नसशील तर


औरंगाबाद, २४ एप्रिल

भाऊ,

मागचं पत्र अर्धंच टाकलं होतं. आज ते माझ्याच हातात आहे. तिन्ही आहेत. दगडाबाईनं चुलीवरच्या फळीवरनं काढून दिली, तेलकट झालेली, एकही फोडलेलं नाही. तिच्याच बाकावर बसून हे चौथं लिहायलोय. कशाला लिहायलोय ते मलाच कळंना. सवय लागली म्हण.

बाई धिप्पाड आहे, पोरं तिला भिऊन जेवतात. मला बघून म्हणली, "तूच का तो पत्रं टाकणारा? तुझा भाऊ काय माझ्या पिठाच्या डब्यात बसलाय व्हय?" मग माझं तोंड नीट बघितलं आणि पाणी दिलं. म्हणली, "नाक त्याचंच हाय."

मी जेवेपर्यंत ती जेवण वाढत राहिली. नको म्हणलं तरी वाढत राहिली.

मग सांगितलं. तू इथून निघालास तेव्हा तिनं तुझ्या उपरण्यात फुटाणे बांधून दिले होते. वाटेत खायला. पुढं कुठंतरी गर्दी झाली, पळापळ झाली, तुझ्या जबड्याला लागलं. लाठी की दगड, कुणी बघितलं नाही. तरी चाललास. बरोबरची पोरं नंतर पेट्या न्यायला इथं आली होती, त्यांनी तिला सांगितलं, तोंड इतकं सुजलं होतं की पाणी आत जायचं ते बाहेर यायचं. अंगात ताप. उपरण्यात फुटाणे होते पण चावणार कशानं? दुसऱ्या कुणाजवळ तसलंच, चिरमुरे नाहीतर कडक भाकरी. थंडीचे दिवस. तू म्हणायचास म्हणे, "कुणी भात कालवून देता का? मऊ कालवून." रस्त्यावर कुठला भात. मग एका ठिकाणी तू बसलास आणि म्हणलास, तुम्ही व्हा पुढं, मी आलोच. परतताना त्यांनी बघितलं, तिथं तू नव्हतास. आसपासच्या गावात विचारलं, कुणी सांगितलं एक बेवारस माणूस होता, त्याची माती केली. कुणी म्हणलं तो दुसराच होता.

"मग घरी का कळवलं नाही?" मी म्हणलं.

"काय कळवायचं रे? दुसराच होता का तोच होता, ते पोरांना ठाऊक न्हाई. एवढ्यावर कुणाच्या मायला कळवतेत व्हय?"

मी निघताना तिनं पानात भात बांधून दिला. मी घेतला नाही. तिनं पिशवीत कोंबला. "त्याला फुटाणे दिले होते," एवढंच म्हणली, आणि आत गेली.

भाऊ, तुझ्याजवळ तेवढेच होते. सगळं मऊ मऊ कुठून तरी आणून संपलं असंल, आणि मग उपरण्यात उरलेलं तू पोराला दिलंस. मी तुझी अक्कल काढली. ते सोडून दे.


वालूर, ७ मे

भाऊ,

हे कुठं टाकणार नाही. घरातच आहेस म्हणून लिहितो, का होतास म्हणून, ते पुढं बघ.

औरंगाबादचं मी आक्काला सांगितलं. मायला सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणली, "भेटला का?" मी म्हणलं, न्हाई. ती म्हणली, "मग?" आणि भाकरी थापायला लागली. पुढचं सांगायचं राहूनच गेलं. दाजीचा निरोप आला की सोमवारी येतो. आक्कानं पोराचे कपडे धुतले, घडी घातले, पुन्हा पसरले. घेऊन जावं तर तिथं पोरगं मरणार, ठेवून जावं तर इथं फुटाणा. आणि न जावं तर दाजीच्या घराचं दार बंद.

रविवारी दुपारी मी खिचडी केली. मुगाची, मऊ, वर बटाट्याच्या फोडी उकडून. तू हसशील, पण तंबूवर मी सगळ्यांचा स्वयंपाक करायचो. ताट पोरापुढं ठेवलं. "हे पोराचं हाय माय, दुसऱ्या कुणाचं न्हाई," म्हणलं. ती दाराकडं तोंड करून बसली, आमच्याकडं पाठ. सदरा धुऊन समोरच्या दांडीवर वाळत होता. वारा नव्हता. एक बाही हलत होती, ती मी बघितली आणि न बघितल्यासारखं केलं.

मी घास पुढं केला. पोरानं तोंड फिरवलं. वर बघितलं. आम्हाला वाटलं आता आ करणार. आक्का तोंडातलं काढायला पुढं सरकलीसुद्धा.

त्यानं आ केलं नाही. ताटात हात घातला. इतके दिवस त्याला मूठच ठाऊक, सगळं मुठीत धरायचं. त्या दिवशी अंगठा आणि पहिलं बोट, दोनच, चिमटीत बटाट्याची फोड उचलली. म्हणलं, चला, आपल्या हातानं तरी खाईल. पण त्यानं ती तोंडात घातली नाही. दोन्ही हातांनी कुस्करली. चांगली मऊ केली. आणि हात वर केला, उकिडव्या माणसाच्या तोंडाएवढा, आणि आपणच तोंड उघडून म्हणला, "आ."

आपण पोरांना भरवताना म्हणतो तसं.

हात तिथंच थांबला. मग खाली आला. रिकामा. मी जमीन बघितली, ताट बघितलं, त्याचं झबलं झटकून बघितलं. कुठं कण नाही.

दुसरी फोड. कुस्करली, वर. रिकामा हात. मग खिचडीचा गोळा. पोरगं घाईत नव्हतं. एक देऊन झालं की थांबायचं, बघायचं, त्याला गिळून होऊ द्यायचं, मग पुढचा. मध्ये एकदा त्यानं हात लांब करून हवेतच काहीतरी पुसलं. आक्का माझा दंड धरून बसली होती, तिची नखं रुतली ते मला नंतर कळलं.

मायनं कधी मान वळवली, मला माहीत नाही. मी बघितलं तेव्हा ती बघत होती. पदर तोंडावर नव्हता, काही नव्हतं. नुसती बघत होती.

ताट सरत आलं तेव्हा पोरगं वर बघून हसलं, आणि हळूहळू त्याची नजर वर, आणखी वर गेली. उठून उभ्या राहिलेल्या माणसाकडं बघतेत तशी. मग दारापर्यंत गेली. मग दारातल्या उन्हात काही दिसंना झालं असावं. ते वळलं, माझ्याकडं बघितलं, आणि आ केलं.

ताटात एकच घास उरला होता. मी दिला. त्यानं चावला. माझं बोटबी चावलं.

(सोमवारी दाजी आले. पोरानं त्यांच्या हातून केळाचा तुकडा घेतला, आक्काच्या हातून भाकरीचा काठ, फाट्यावर एका अनोळखी बाईच्या हातून बिस्कुटबी घेतलं. दाजी म्हणले, अरे हा तर फुकट्या झाला. आक्का हसली आणि बसमध्ये चढेपर्यंत मागं बघत राहिली. ते सगळं नंतरचं. मी पुढं पळालो.)

त्या दुपारी पोरगं जेवून झालं तरी माय जागची हलली नव्हती. मग तिनं ताटाजवळ येऊन खरकट्याला बोट लावलं.

"नागू," ती म्हणली, "कुस्करून कामून देत होता तो? एवढ्या मोठ्या माणसाला?"

मी सांगितलं. जबडा, ताप, उपरण्यातले फुटाणे, मऊ कालवून देता का म्हणलास ते. सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि मान डोलवत होती, दुकानदार सामान सांगतो आणि गिऱ्हाईक मान डोलवतं तशी. आक्का तिच्याजवळ जाऊन बसली, तिनं पोराला मायच्या मांडीवर दिलं.

"पोटभर जेवला का रे तो? तू जवळ होतास."

"जेवला माय. ताट सरलं."

ती बराच वेळ पोराचे चिकट हात आपल्या पदरानं पुसत राहिली, एकेक बोट सोडवून. मग माझ्याकडं बघून, परवानगी मागितल्यासारखं, हळूच म्हणली,

"नागू, आता रडलं तर चालंल का रे?"